अर्जावर सही कोण करणार?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्यांचा ग्रुप, गल्लीतल्या गणेश मंडळाचा, शाळासोबत्यांचा, आणि चौथ्यांदा थेट मेहुण्याकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘बिटकॉइन, इथेरियम ही नेटवर्क परवान्याशिवाय चालतात, म्हणजे बेकायदा आहेत. सरकार त्यावर कर घेतं, नोंदणी करून घेतं, म्हणजे निम्मी मान्यता दिलेलीच आहे. आता बँक-पतसंस्थेसारखा परवाना सक्तीचा करा, की लोकांचे पैसे सुरक्षित. चीनने बंद करून दाखवलं, आपल्याला काय झालंय?’

मी सोलापुरात लोकांची विवरणपत्रं भरतो. गेली काही वर्षं त्यात क्रिप्टोचा, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांचा, रकाना भरणारे वाढलेत, त्यामुळे हा मेसेज खाली सरकवून पुढे जाणं मला जमेना. मेसेजमागची काळजी खरी आहे, पण मागणी चुकीच्या दारात ठेवलेली आहे.

सुरुवात ‘परवाना नाही म्हणजे बेकायदा’ या वाक्यापासून. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना क्रिप्टोशी व्यवहार करायला मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं. या चलनांवर देशात बंदी नाही, हा त्या निकालातला महत्त्वाचा धागा होता. आपल्याकडे कायद्याने मना केलेली गोष्ट बेकायदा असते. परवान्याची तरतूदच नसलेली गोष्ट आपोआप बेकायदा होत नाही.

आता समजा, उद्या तरतूद केली. बिटकॉइनच्या वतीने अर्ज कोण करणार? पहिला ब्लॉक, म्हणजे त्याच्या हिशेबवहीचं पहिलं पान, ३ जानेवारी २००९ चा. ज्याने तो काढला तो सातोशी नाकामोटो या टोपणनावाने वावरला आणि निघून गेला. आज जगभर हजारो संगणक त्याच हिशेबवहीची आपापली प्रत ठेवून बसलेत. ना मुख्य कार्यालय, ना संचालक, ना शिक्का. एखादा बंद केला तर बाकीचे चालू. ‘अर्जदाराचे नाव व पत्ता’ या रकान्यात काय लिहायचं, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

आपल्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा डोळ्यांसमोर आणा. होम मैदानावर पाळणा लावायचा तर परवानगी लागते, वीजजोडणी तपासली जाते, अपघात झाला तर पाळणेवाल्याची मानगूट धरता येते. पण यात्रेतून चालणाऱ्या गर्दीला परवाना द्या असं कोणी म्हणत नाही. गर्दीला मालक नसतो, पाळण्याला असतो. क्रिप्टोतले पाळणे म्हणजे एक्स्चेंज (नाण्यांच्या खरेदी-विक्रीचे बाजार), दुसऱ्याची नाणी सांभाळणारे, रुपयाचं नाणं आणि नाण्याचा रुपया करून देणारे. परवाना मागायचा तो यांच्याकडे, आणि तो मी अगदी जोरात मागतो.

कराची गोष्ट लवकर संपते. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस कापला जातो. यातून मान्यता सिद्ध होत नाही. प्राप्तिकर खातं उत्पन्न पाहतं. ते कुठल्या मार्गाने आलं, याला प्रशस्तिपत्र देत नाही.

नोंदणीबद्दलचा गैरसमज जास्त महाग पडतो. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टोच्या सेवा देणाऱ्यांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणलं. तेव्हापासून त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदणी करावी लागते, ग्राहकाची केवायसी ठेवावी लागते आणि संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात. काळा पैसा पकडायला हे उपयोगी आहे. पण तुमची नाणी कुठे ठेवली, कंपनीच्या पैशांपासून वेगळी आहेत का, चोरी झाली तर भरपाई कोण देणार, यातलं काहीच ही नोंदणी बघत नाही. वझीरएक्स हे भारतातलं एक्स्चेंज नोंदणीकृत होतं. १८ जुलै २०२४ रोजी तिथून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षभराहून जास्त अडकले.

मग ‘परवाना आला की पैसे सुरक्षित’ याचं काय? सोलापूरकराला हे मी समजावून सांगायला नको. आपल्याच शहरातल्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तो रद्द झाला. ठेवीदारांना आधार झाला तो ठेव विम्याचा, माणशी पाच लाखांपर्यंत. हा विमा परवान्याच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेचा भाग आहे, नुसता कागद असता तर काही हाती लागलं नसतं. (मेसेजमध्ये पतसंस्थेचं नाव उगाच आलंय. पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेली असते, तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि तिथल्या ठेवीला हा विमाही नाही. आपल्याकडचे कित्येक जण अजून हा फरक न ओळखताच पैसे ठेवतात.)

याची दुसरी बाजू जपानमध्ये दिसते. २०१४ मध्ये तिथलं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज बुडालं, जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेक या दुसऱ्या एक्स्चेंजवर दरोडा पडला. धडा घेऊन जपानने एक्स्चेंजवर अट घातली: ग्राहकाची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी, आणि बरीचशी नाणी इंटरनेटपासून तोडलेल्या जागी. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही जगभर एक्स्चेंज चालवणारी कंपनी कोसळली. जगभरचे ग्राहक दिवाळखोरीच्या रांगेत उभे राहिले, तर तिच्या जपानी शाखेच्या ग्राहकांना फेब्रुवारी २०२३ पासून पैसे काढता येऊ लागले. कंपनी एकच आणि मालकही तोच, फरक पडला तो अटींमुळे. मात्र ही अट बिटकॉइनला घालता आली नसती. ती घातली दुकानाला.

चीनचं उदाहरण मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा अर्धंच वाचलं असावं. २०२१ च्या उन्हाळ्यात चीनने मायनिंग करणाऱ्यांना, म्हणजे संगणकावर गणितं सोडवून वहीत नवे ब्लॉक जोडणाऱ्यांना हाकललं, सप्टेंबरमध्ये सगळे क्रिप्टो व्यवहार बेकायदा ठरवले. बिटकॉइनची संगणकीय ताकद जवळपास निम्म्यावर आली. मग यंत्रं अमेरिकेत, कझाकस्तानात गेली आणि वर्ष संपेपर्यंत ताकद पूर्ववत झाली. दर २०१६ ब्लॉकनंतर गणिताची काठिण्यपातळी आपोआप बदलते, त्यामुळे मधल्या काळातही वही थांबली नाही. चीनने आपल्या हद्दीतली दुकानं बंद केली, नेटवर्क नाही.

इथवर वाचून क्रिप्टोवाली पोरं खूश झाली असतील. जरा थांबा. ‘आम्ही विकेंद्रित आहोत, आम्हाला कायदाच लागू नाही’ हा तुमचा ठरलेला सूरही तितकाच पोकळ आहे. अमेरिकेत ऊकी डाओ नावाची संघटना होती. आधी ती कंपनी होती. मग कारभार टोकनधारकांच्या (तिची डिजिटल नाणी बाळगणाऱ्यांच्या) मतदानावर सोपवला आणि आता कारवाई होऊच शकत नाही असं संस्थापकांनी सांगून टाकलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या वायदे बाजार नियामकाने खटला भरला. जून २०२३ मध्ये न्यायालयाने तिला व्यक्तीसारखं जबाबदार धरलं, सुमारे ६ लाख ४३ हजार डॉलर दंड केला आणि संकेतस्थळ बंद करायला सांगितलं. मतदान करून कारभार चालवता, तर कारभारी तुम्हीच.

याउलट टोर्नेडो कॅश या, क्रिप्टो व्यवहारांचा माग पुसणाऱ्या प्रणालीच्या प्रकरणात अमेरिकेच्याच एका अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटलं की जो कोड कोणालाच बदलता येत नाही, तो कोणाची मालमत्ता नाही, त्यामुळे त्याच्यावर निर्बंध लावता येत नाहीत. युरोपचा मायका हा क्रिप्टोविषयीचा कायदा ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्ण लागू झाला. त्यात सेवा देणाऱ्याला परवाना लागतो. मध्यस्थच नसलेली, पूर्ण विकेंद्रित सेवा त्याबाहेर राहते. म्हणजे प्रश्न नावाचा नाही, चावी कोणाकडे आहे त्याचा. नियम बदलण्याची किंवा पैसे अडवण्याची चावी पाच जणांच्या हातात असेल, तर माथ्यावर कितीही ठळक ‘विकेंद्रित’ लिहा, ते दुकानच. अशी दुकानं माझ्या मते बरीच आहेत, आणि परवान्याचा कायदा करताना खरा कस तिथे लागेल.

मेसेज पाठवणाऱ्यांपैकी टॉवेलवाल्या काकांना मी फोन केला. म्हटलं, “काका, तुम्ही कुठल्या नेटवर्कबद्दल बोलताय?”

“नेटवर्कचं नाव कशाला पाहिजे? आमच्या ॲपला परवाना आहे बे. थांब, पाठवतो.”

आला तो कंपनी स्थापनेचा दाखला. सिंहमुद्रा, खाली नोंदणी क्रमांक. असा दाखला माझ्या ऑफिसच्या भिंतीवरही टांगलाय. मेहुण्याच्या चहापत्तीच्या कंपनीचा, जी कंपनी काढल्यापासून एक किलो चहा विकला गेलेला नाही. काकांना मी त्याचा फोटो काढून पाठवला.

“आता सांगा,” मी म्हणालो, “चावी कोणाकडे?”

“कसली चावी?” काका म्हणाले.

शनिवारी ॲप घेऊन ऑफिसला या, म्हणून सांगितलंय.