‘पावसात गोव्याचं विमान नको’: त्या निरोपाला माझं उत्तर

श्रावण सरत आला की गोव्यात घरोघरी एकच चौकशी सुरू होते: चवथीला कोण कोण येणार? यंदा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्याऐवजी एक लांबलचक निरोप फिरला. त्याचा सारांश असा: पावसाळ्यात हवेतल्या पोकळीत विमान शेकडो फूट कोसळतं, पंखही मोडू शकतो, उडाल्यावर लगेच इंजिनं मंदावतात, तो धोका, उतरता उतरता परत वर गेलं तर बिघाड समजा, त्यापेक्षा स्वतःची गाडी बरी, आणि जावंच लागलं तर झोपेची गोळी घेऊन वर दोन पेग मारा.

बंगळूरला राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीने हे वाचून तिकीट रद्द केलं आणि रात्रीची गाडी काढून चोर्ला घाटाने यायचं ठरवलं. म्हणून लिहायला बसले. मी स्वतः नऊ वर्षं विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. तळहात कसे भिजतात आणि छातीत काय होतं, ते मला कुणी सांगायला नको.

पोकळीपासून सुरुवात करते, कारण माझीही खरी भीती तीच होती. हवेत भोक नसतं. अरबी समुद्रावरून येणारा पावसाळी वारा सह्याद्रीला अडतो आणि वर चढतो. ढगांत तर काही प्रवाह वर जातात, काही खाली येतात. एका प्रवाहातून दुसऱ्यात जाताना विमान हलतं. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट लाटेवर हेलकावते, तेव्हा खालचं पाणी नाहीसं झालं असं आपण म्हणत नाही. एवढ्या वेगात जाणाऱ्या विमानाला हवासुद्धा तसाच भक्कम आधार देते. पोटात गोळा येतो म्हणून शेकडो फूट पडल्यासारखं वाटतं, पण एरवीच्या हेलकाव्यांत उंची बहुधा काही फुटांनीच बदलते. पंखांचं म्हणाल, तर उड्डाणात येऊ शकेल अशा सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भार सोसून दाखवल्याशिवाय विमानाला परवानगीच मिळत नाही. २०१० साली बोइंग ७८७च्या चाचणीत पंखांची टोकं सुमारे साडेसात मीटर वर वाकवली होती. पंख वाकण्यासाठीच केलेले असतात. हेलकाव्यांत इजा होते ती मुख्यतः पट्टा न बांधलेल्यांना. म्हणून पट्टा बांधायला सांगणारा दिवा विझला तरी पट्टा सैलसर का होईना, राहू द्यावा.

इंजिनांबद्दलचं वाक्य खरं आहे, अर्थ चुकीचा आहे. जमीन सोडताना लागणारा जोर वर चढताना लागत नाही, म्हणून हजार-दीड हजार फुटांवर तो ठरवून कमी करतात. आवाज उतरतो, चढण्याचा वेग थोडा कमी होतो, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव ते ‘खाली चाललोय’ असं वाचतो. विमान तेव्हाही चढतच असतं.

उतरताना परत वर जाणं, यावर मात्र मला थांबायचं आहे, कारण या मुद्द्याने निरोप लोकांना नेमकं उलटं शिकवतो. ढग खाली असले, ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही किंवा वारा फिरला, तर वैमानिकाने वर जायचंच असतं. दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं इंधन जवळ असतं. ७ ऑगस्ट २०२०ला केरळात कोळिकोडला भर पावसात विमान धावपट्टीपलीकडे गेलं आणि २१ माणसं गेली. तिथे चौकशीत निघालं ते हे, की विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकलं, आणि सहवैमानिकाने वर जायला सांगूनही उतरणं चालू ठेवलं गेलं. गोव्याच्या मोपा किंवा दाबोळी विमानतळावर तुमचं विमान पुन्हा वर गेलं, तर पुढे बसलेल्या माणसाने आपलं काम नीट केलं आहे.

आता गाडी. १२ जून २०२५ची अहमदाबादची दुर्घटना कुणीच विसरलेलं नाही. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, आणि जमिनीवरचे धरून एकूण २६० जण गेले. त्यानंतर भीती वाटण्यात काहीच चूक नाही. पण २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, म्हणजे दिवसाला ४६०हून अधिक. ती बातमी होत नाही. सप्टेंबर २००१च्या विमानहल्ल्यांनंतर अमेरिकेत अनेकांनी विमान सोडून गाडी धरली. गेर्ड गिगरेंझर या मानसशास्त्रज्ञाच्या हिशेबाने त्यापायी वर्षभरात सुमारे १,५०० जास्तीचे बळी गेले. स्टिअरिंग आपल्या हातात असलं की जीवही आपल्याच हातात आहे असं वाटतं. पावसातला, धुक्यातला, रात्रीचा चोर्ला घाट तसं मानत नाही.

गोळी आणि पेगचा सल्ला सर्वांत वाईट. दोन्ही एकत्र घेतल्यास श्वास मंदावू शकतो, आणि केबिनमधला हवेचा दाब आठेक हजार फुटांच्या डोंगरावर असावा इतका कमी झालेला असतो. एकट्या गोळीचंही ऐका. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विमानाची भीती असलेल्या काही स्त्रियांना अल्प्राझोलाम हे घबराट कमी करणारं औषध दिलं, काहींना नुसती खोटी गोळी. पहिल्या प्रवासात औषधवाल्यांना बरं वाटलं. आठवड्याने गोळीशिवाय उडाल्यावर त्यांच्यातल्या ७१ टक्क्यांना घबराटीचा झटका आला. दुसऱ्या गटात २९ टक्क्यांना. गोळीने भीती झाकली, मेंदूला काही शिकू दिलं नाही. डॉक्टरांनी नेमून दिलेलं औषध कुणी मनाने बंद करू नये, पण निरोप वाचून सुरूही करू नये.

माझी भीती कमी झाली ती एका समुपदेशक बाईंच्या मदतीने, थोडं थोडं त्या भीतीच्याच जवळ जाऊन. आधी बोगमाळोच्या किनाऱ्यावर बसून दाबोळीची विमानं पाहिली. मग एकदा मुंबई. छातीतली धडधड शिगेला पोचते आणि पळून गेलं नाही तर काही मिनिटांत आपोआप ओसरते, हे मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. अजूनही हात भिजतात. तरी जाते.

आतेबहिणीला काल रात्री लिहिलं: “बाय, पंखांजवळची जागा घे, तिथे कमी हलतं. सकाळपासून कॉफी नको. हवाई सुंदरीला चढतानाच सांग की तुला भीती वाटते, त्यांना त्याची सवय असते. हललं की चार मोजत श्वास घे आणि सहा मोजत सोड. परत वर गेलं तर घड्याळ बघ, बहुधा पंधरा-वीस मिनिटांत खाली असशील. मोपाला मी येते न्यायला.” आज सकाळी तिने नवं तिकीट पाठवलं.