बंड करावं, पण राजनिष्ठेनं

साम्राज्याविरुद्ध हत्यार उचलायचं मनात असेल, तर आधी एक सभा बोलवा. बंदुका, घोडे, मध्यरात्रीचे निरोप वगैरे सगळं त्यानंतर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतवाल्यांनी १७७४-७५ साली ही कामं याच क्रमानं केली, तेव्हा नमुना म्हणून त्यांच्याकडे बघायला हरकत नाही.

सभेवर बंदी असेल तर सोन्याहून पिवळं. बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या वसाहतवाल्यांनी बुडवल्यावर लंडनच्या पार्लमेंटनं चिडून जे कायदे केले, त्यांतल्या एकाप्रमाणे गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच घेता येणार होती. मग गावांनी ती एक सभा संपवलीच नाही. तहकूब करायची, पुन्हा भरवायची, पुन्हा तहकूब. वसाहतीचे नवे गव्हर्नर, लष्करातले जनरल थॉमस गेज, हात चोळत बसले. सोसायटीच्या वार्षिक सभेला जाणाऱ्या माणसाला यातलं काही नव्यानं शिकवायला नको.

सभेत ठराव करताना पहिलं कलम महाराजांच्या चरणी वाहा. मॅसॅच्युसेट्सच्याच सफोक परगण्याचा ९ सप्टेंबर १७७४ चा ठराव यासाठी तोंडपाठ करावा असा आहे. सुरुवातीलाच तिसरे जॉर्ज हे आमचे न्याय्य राजे आहेत असं आनंदानं मान्य केलंय. पुढे जाऊन लोकांनी युद्धकला शिकून घ्यावी आणि आठवड्यातून निदान एकदा हत्यारांसह कवायतीला यावं, असंही त्याच कागदावर आहे. ताकाला जाऊन भांडं कसं लपवावं, ते इतक्या सुवाच्य अक्षरात क्वचितच लिहिलं गेलं असेल.

कवायतीसाठी वेगळा खर्च करू नका. सोळा ते साठ वयाच्या पुरुषांनी बंदूक बाळगून गावच्या पथकात हजर राहायचं, हा राजाच्याच राज्यातला जुना कायदा होता. कवायतीचं पुस्तक कुठलं वापरायचं असा प्रश्न आला, तेव्हा वसाहतीच्या प्रांतिक काँग्रेसनं, म्हणजे गव्हर्नरला न जुमानता भरलेल्या लोकप्रतिनिधींच्या सभेनं, महाराजांच्याच हुकमानं १७६४ मध्ये निघालेलं पुस्तक सुचवलं. शिकवायला महाराजांच्याच फौजेतून पळालेले शिपाई मिळाले. इतकंच काय, करसुद्धा राजाच्या खजिनदाराकडे न भरता आपल्या खजिनदाराकडे, हेन्री गार्डनरकडे, भरावा असं सांगून टाकलं. गोळी सुटायला अजून सहा महिने होते आणि वसुलीचं खातं आधीच फिरलं होतं. माझ्या मते खरं बंड ते हेच, पण हिशेबवहीचे पुतळे कोण उभारणार?

खरेदीला घाई नको, समिती नेमा. ऑक्टोबरात काँग्रेसनं गंभीरपणे एका समितीला विचारलं, की दारूगोळा जमवायला योग्य वेळ कोणती. उत्तर आलं: आत्ताची. मग यादी झाली: ५,००० बंदुका संगिनींसह, ७५,००० चकमकीच्या गारगोट्या, १,००० पिंपं बंदुकीची दारू. तेवढ्यात राजेसाहेबांनी वसाहतींकडे हत्यारं आणि दारू पाठवायलाच बंदी केली होती. दारूसाठी सोरा लागतो, आणि चांगला सोरा यायचा बिहारमधून, जिथे प्लासीनंतर कंपनीचा मक्ता होता. म्हणजे उरला एकच सभ्य मार्ग. १४ डिसेंबरला शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये चारएकशे माणसं एका किल्ल्यावर चालून गेली. आत एक कॅप्टन आणि पाच शिपाई. त्यांनी बिचाऱ्यांनी तोफा डागल्यासुद्धा, पण कोणी मेलं नाही, आणि शंभरेक पिंपं दारू गावकऱ्यांच्या हवाली झाली.

लपवण्याच्या बाबतीत शेतकऱ्याला गुरू करा. काँकॉर्ड गावच्या कर्नल बॅरेटच्या शेतावर म्हणे पुढे नांगर चालत होता आणि मागून तासात बंदुका ठेवून माती लोटली जात होती. इंग्रजांची तुकडी झडतीला आली, तेव्हा तिला शेत छान नांगरलेलं दिसलं. शिपायांनी कर्नलच्या बायकोकडे खायला मागितलं, खाल्लं, आणि पैसेही मोजले असं सांगतात. शिस्त म्हणजे शिस्त.

(१७७५ च्याच मार्चमध्ये आमचे राघोबादादा सुरतेला इंग्रजांशी तह करून त्यांची फौज पुण्यावर आणायच्या खटपटीत होते. तिकडे जिच्यापासून तोफा लपवायच्या, तिलाच इकडे आवतण. असो.)

हेरांना घाबरू नका, ते स्वतःच सांगतात आपण कोण ते. फेब्रुवारी १७७५ मध्ये गेजसाहेबांनी दोन अधिकारी साध्या तपकिरी कपड्यांत, गळ्यात लाल रुमाल बांधून, वाटा पाहायला धाडले. सोबत जॉन नावाचा नोकर. वॉटरटाउनच्या खानावळीत जेवायला बसले. वाढणाऱ्या काळ्या बाईला म्हणाले, मुलूख फार सुंदर आहे तुमचा. ती म्हणाली, आहेच, आणि तो राखायला शूर गडीही आहेत. मग तिनं जॉनला बाजूला घेऊन सांगितलं, की तुझ्या साहेबाला मी पाच वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये पाहिलंय.

खरी काळजी घ्यायची ती शपथेची. बॉस्टनचा चांदीकारागीर पॉल रिव्हिअर आणि त्याचे तीसेक कारागीर साथीदार फौजेवर पाळत ठेवायचे. दर बैठकीला बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायचे: इथलं बोलणं हॅन्कॉक, सॅम्युएल अ‍ॅडम्स, डॉक्टर वॉरन, डॉक्टर चर्च हे बंडाचे पुढारी आणि आणखी एकदोघे सोडून कोणालाही सांगणार नाही. तरी आदल्या रात्रीचं बोलणं शब्दन्‌शब्द गेजच्या गोटात पोचायचं. म्हणून त्यांनी बैठकीची जागा बदलली. शपथ तीच ठेवली. पुढे १७७५ च्या शरद ऋतूत एक सांकेतिक पत्र सापडलं आणि कळलं, की गेजचा पगारी माणूस डॉक्टर चर्चच. काँग्रेसनं बंदोबस्तासाठी नेमलेल्या सुरक्षा समितीचा सभासद! कुंपणानं शेत खाल्लं, तेही दर वेळी बायबलच्या साक्षीनं.

आणि स्वातंत्र्याचं बोलायला लागलात, की ते कुणाकुणाला लागू आहे ते कधी विचारू देऊ नका. गुलामांनी स्वतः अर्ज केले होते, आम्हालाही मोकळं करा म्हणून. अबिगेल अ‍ॅडम्सनं सप्टेंबर १७७४ मध्ये नवऱ्याला, म्हणजे पुढारी जॉन अ‍ॅडम्सला, लिहिलं, की ज्या हक्कासाठी आपण लढतोय तोच इतरांकडून रोज लुटतोय. पत्र खाजगी होतं, त्यामुळे फारसं बिघडलं नाही. पुढे लढाईच्या पहिल्याच दिवशी लेक्सिंग्टन गावच्या मैदानात प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा गुलाम गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि जखमी झाला. महिन्याभरात सुरक्षा समितीनं ठरवलं, की गुलामांना सैन्यात घेणं आपल्या तत्त्वांशी विसंगत आहे. तत्त्वं म्हणजे काय ते इथे नीट समजतं.

शेवटी लढाई होतेच. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे लेक्सिंग्टनला पहिली गोळी कोणी झाडली ते आजवर ठरलेलं नाही. तुम्ही मात्र त्यात वेळ घालवू नका. मैदान रिकामं झालं, की लगेच शंभराच्या आसपास साक्षीदार गोळा करा, प्रत्येकाचा जबाब शपथेवर लिहून घ्या, आणि सेलमहून एक चपळ जहाज लंडनकडे सोडा. वसाहतवाल्यांचं जहाज मेअखेरीस पोचलं, गेजचा अहवाल त्यानंतर दीडेक आठवड्यानं. तोवर लंडनच्या वर्तमानपत्रांत शेतकऱ्यांची बाजू छापूनही झाली होती. जबाबांसोबत डॉक्टर वॉरनच्या सहीचं ब्रिटनच्या जनतेला पत्र होतं. एका दिवसात राजाचे ७३ सैनिक मारून झाल्यावर त्यात नम्रपणे कळवलं होतं, की आम्ही अजूनही महाराजांची निष्ठावंत आणि कर्तव्यदक्ष प्रजा आहोत.