गाडी बाबांची, चालवतो मी, मग मी कोणीच नाही?

कोणीतरी मला समजावून सांगा बाप्पा. गाडी बाबांच्या नावावर आहे, ठीक. पण चालवतो मी. प्रीमियम मी भरतो. पेट्रोल, सर्व्हिसिंग, पीयूसी, सगळं माझ्याच खिशातून. आणि विमा कंपनीच्या लेखी मी रस्त्यावरून चाललेला कोणीतरी माणूस!

नागपूरच्या मेडिकल चौकात एका ई-रिक्षावाल्यानं डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे घासले, बंपर लोंबकळत ठेवला आणि इमामवाड्याकडे पसार झाला. क्लेम टाकला. फोनवरच्या मॅडमनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? म्हटलं, मी. "पण सर, पॉलिसीवर तुमचं नाव नाहीये." अहो, नसणारच ना! पॉलिसी मालकाच्या नावानं निघते. पण त्याच पॉलिसीत लिहिलंय की मालकाच्या परवानगीनं, वैध लायसन्स असलेला कोणीही गाडी चालवत असला तरी विमा लागू होतो. हे कलम मी त्यांना वाचून दाखवायचं? मग पगार पण मलाच द्या.

मग ऑफिसात गेलो. "काकाजींना घेऊन या, सही लागते." काकाजी म्हणजे माझे बाबा, 76 वर्षांचे, दोन्ही गुडघे गेलेले. बाहेर मे महिन्याचं 45 डिग्री ऊन, ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. म्हटलं, फॉर्म द्या, घरून सही आणतो. तर म्हणे, समोर पाहिजे. वर स्टॅम्प पेपरवर लिहून आणा की गाडी मुलाला चालवायला दिली होती. म्हणजे काय, मी बापाची गाडी चोरून नेली होती?

ओटीपीचा तमाशा तर वेगळाच. तो जातो बाबांच्या बटणवाल्या फोनवर. आणि बाबा तो मला सांगत नाहीत! "बँकेनं सांगितलंय, कोणालाच सांगायचा नाही." मी हॉलमध्ये हात जोडून उभा, ते चष्मा पुसत बसलेले, तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते.

पण खरी आग लागली ती पॉलिसी नीट वाचली तेव्हा. त्यात मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घातलाय, दरवर्षी त्याचे पैसे कापले जातात. तो चालतो कधी, तर मालकाजवळ वैध लायसन्स असेल तेव्हाच. बाबांचं लायसन्स केव्हाच संपलंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्टेअरिंगला हात लावलेला नाही. मालकाकडे लायसन्सच नसेल तर हे कव्हर घ्यायची सक्ती नाही, हे एजंटला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. आमच्याकडे चहा पिऊन जातो दरवर्षी! म्हणजे बाबा चालवत नाहीत म्हणून त्यांना काही नाही, आणि मी मालक नाही म्हणून मला काही नाही. उद्या वर्धा रोडवर ट्रकनं उडवलं तर हे 15 लाख कोणाचेच नाहीत. माझ्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्या, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

आणि यावर सगळ्या नातेवाईकांचा एकच सल्ला: "मग गाडी तुझ्या नावावर करून घे ना!" अरे हो, किती सोप्पं. फॉर्म 29, फॉर्म 30, गिरीपेठच्या आरटीओतली रांग, मग विमा कंपनीकडे पॉलिसी बदलून घेण्यासाठी 14 दिवसांत अर्ज. शिवाय बाबांचा 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न टाकल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. नाव बदललं की मी शून्यापासून सुरू. बरं, आता क्लेम टाकलाय म्हणजे तो तसाही जाईल. मंजूर झाला तर!

आणि बाबांना सांगणार कोण? रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेली गाडी आहे. अजूनही रोज सकाळी फडकं घेऊन तिची काच स्वतः पुसतात. त्यांना म्हणू, "सोडून द्या आता, माझ्या नावावर करा"?

काल सर्व्हेअरचा, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याचा फोन. गाडीचे फोटो परत पाठवा, आणि फोटोत काकाजी गाडीजवळ उभे दिसले पाहिजेत. काहून? त्यांनी उभं राहिल्यानं बंपर चिकटणार आहे का?