आधी केक, मग कोलांट्या?

जिम्नॅस्टिक्स हॉलमधल्या वाढदिवसाचं बुकिंग 2 तासांचं, आणि मंडळी उगवणार 45 मिनिटं उशिरा. का, तर लिंक रोडला ट्रॅफिक! मुंबईत ही काय बातमी झाली? मग घाईघाईत आधी केक, वेफर्स, सामोसे, आणि भरल्या पोटी पोरं ट्रॅम्पोलिनवर. ओकारी होणारच. ती उड्या झेलायला फोमच्या ठोकळ्यांनी भरलेल्या खड्ड्यात झाली की ठोकळे एकेक उपसून धुवा! आधी उड्या, मग 15 मिनिटं दम खाऊन केक, एवढं साधं आहे हो.

आणि ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच मूल. दोघं उडाली की हलक्या पोराला जादा उसळी बसते, हात बहुधा त्याचाच मोडतो. तरी ‘फोटोपुरते सगळे चढा रे!’ वर बर्थडे गर्लला टिकल्यांचा घेरदार फ्रॉक. बारवर लटकणार कशी ती?