माल आला, नोंद नाही

परवा एक फोटो दाखवणारा प्रोग्राम काढायला गेलो. 'मेक अनइन्स्टॉल' ही काढून टाकायची आज्ञा टाइप केली, तर पडद्यावर उत्तर: असा नियमच नाही, थांबा. हे मला कोण सांगतंय? मीच सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणून एकेक पॅकेज कंपाइल करत (चालेल असं बनवत) उभं केलेलं लिनक्स! 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हा उद्योग १९९९ पासून चालू आहे आणि त्यात पॅकेज मॅनेजर, म्हणजे कुठला प्रोग्राम कुठे ठेवला याची नोंद ठेवणारा, मुद्दामच दिलेला नाही. नोंद ठेवायचे मार्ग सहा-सात सुचवलेत. निवडा आणि निस्तरा.

नेमके तेव्हाच खालचे काका पोह्यांची बशी घेऊन वर आले. वर शेव, जिरावण सढळ हाताने. काकांची उभी हयात इंदूरच्या एका मिलच्या स्टोअरमध्ये गेली.

"काय शोधतोयस रे?"

"एका प्रोग्रामच्या फायली. थोड्या बिन नावाच्या फोल्डरमध्ये, थोड्या लिबमध्ये, बाकीच्या शेअरमध्ये..."

"बिनमध्ये? मग खणातल्या मालाची नोंद, बिन कार्ड, असेलच की!"

"तसलं बिन नव्हे हो."

"गेटपास तरी?"

"काका, कंप्युटर आहे हा."

"म्हणून काय झालं भिया? आमच्याकडे सुतळीचा तोडासुद्धा इंडेंटशिवाय, लेखी मागणीशिवाय, हलत नव्हता."

आता मलाही चेव आला. म्हटलं, डेस्टडिर नावाची सोय असते. माल आधी रिकाम्या फोल्डरात उतरवायचा, यादी करायची, मग जागेवर न्यायचा. पण काही महाभाग आपल्या मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्राम बसवायच्या सूचनांच्या फायलीत, ही सोय ठेवतच नाहीत. दुसरी रीत म्हणजे प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र यूजर. फायली त्याच्या नावावर. 'फाइंड' या शोधायच्या आज्ञेला नाव सांगितलं की सगळ्या हजर.

काकांनी चमचा खाली ठेवला. "प्रत्येक मालाला एकेक कारकून? पगार कोण देतं?"

"पगार नसतो."

"बिनपगारी!" काकांचा चेहराच पडला. मिल बंद झाल्यावर स्वतःच्या थकबाकीसाठी चपला झिजवलेला माणूस तो. "मग युनियन करू देतात का त्यांना?"

प्रोग्राम बसवल्याच्या तारखेवरून फायली शोधून पाहिल्या, तर काही फायली जुन्याच तारखा मिरवत आत आलेल्या. २०१७ ते २०२३ लागोपाठ स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं हे आमचं इंदूर. इथे केळ्याचं साल सुक्या कचऱ्यात दिसलं तर गाडीवाला चारचौघांत सुनावतो. आणि हे प्रोग्राम लिहिणारे? 'इन्स्टॉल' झोकात लिहितात. आपलं लेकरू कुणी घराबाहेर काढेल ही कल्पनाच त्यांना सोसत नाही. निस्तरायचं आम्ही, तेही रविवारी.

संध्याकाळी काका लाल कापडी बांधणीचं रजिस्टर घेऊन आले. रकाने आखून तयार: माल, तारीख, कुठून, कुठे, सही.

"सही माझी ना?"

"तुझी कशी? माल आणणारा तू, उतरवून घेणाराही तूच? ऑडिटवाले हसतील!"

तेव्हापासून सही काका करतात. नवा ग्राफिक्स ड्रायव्हर कंपाइल होऊन पडलाय, पण चार वाजेपर्यंत काही करता येत नाही. काका झोपलेत.