खजिना पुरे झाला, आता तपास लिहा

मोठी पोस्ट आहे, निवांत असाल तेव्हा वाचा. सध्या मराठीत ऐतिहासिक रहस्यकथांची लाट आलीय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, कारण मी ऐतिहासिक कादंबऱ्या आणि रहस्यकथा अशा दोन्हीकडची वाचक. आमच्या घरच्या कपाटात एका कप्प्यात 'पानिपत', 'राऊ', 'झुंज' आणि खालच्या कप्प्यात अर्नाळकरांपासून सुहास शिरवळकरांपर्यंत सगळी मंडळी, आणि हे दोन कप्पे कधी एकत्र येतील असं वाटलं नव्हतं. आता आलेत. पण जे येतंय त्यातलं बरंचसं वाचून झालं की तोंडाला पानं पुसल्यासारखं वाटतं, आणि ते का, हे आज सविस्तर लिहायचंय.

आधी जे आवडलं ते. मुरलीधर खैरनारांची 'शोध', २०१५ ची, राजहंसने काढलेली. आता दहा वर्षं झाली तरी या प्रकारात तिच्या जवळ जाणारं मला अजून काही मिळालेलं नाही. सुरतेची दुसरी लूट, ऑक्टोबर १६७०. महाराज सुरतेचं काम आटोपून बागलाणातून परत निघाले, मुघलांचा सरदार दाऊदखान वाट अडवायला आला, १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीला मोठी लढाई झाली, आणि त्या सगळ्या धामधुमीत एकीकडे लढायचं आणि दुसरीकडे खजिना पुढे काढून द्यायचा, म्हणजे ओझ्याची जनावरं, घाट, अंधार, मागे शत्रू. या गडबडीत त्यातला काही भाग मागेच राहिला असेल तर? एवढ्या एका 'तर'वर खैरनारांनी अख्खी कादंबरी उभी केली आणि ती उभी राहिली, कारण इतिहासात जिथं खरंच फट आहे नेमकी तिथंच त्यांनी पहार घातली. नाशिककडचे डोंगर, वाटा, गावं या माणसाच्या पायाखालची आहेत हे वाचताना सारखं जाणवतं. पुस्तक आलं त्याच वर्षी ते गेले. अजून चार कादंबऱ्या या माणसाकडून मिळायला हव्या होत्या.

डॉ. प्रकाश कोयाडेंच्या 'प्रतिपश्चंद्र' या कादंबरीबद्दलही बरंच बोललं जातं, काहीजण नाकं मुरडतात, मला ते पटत नाही. जी पोरं अभ्यासाच्या पुस्तकापलीकडे मराठीतलं काही हातात धरत नव्हती त्यांनी ती रात्रभर जागून वाचली आणि एकमेकांना दिली, हे काम सोपं नाही. भाषा अजून घोटीव हवी होती असं माझं मत आहे, पण वाचकाला पान उलटायला लावणं ही कला आहे आणि ती त्यांना येते.

घोडं पेंड खातं ते यानंतर आलेल्यांमध्ये. नावं घेत नाही, पण साचा तुम्हीच ओळखा. पुण्यातला एक वयस्कर संशोधक पहिल्याच प्रकरणात मरतो, मरताना चिठ्ठी ठेवतो, त्याचा विद्यार्थी आणि एक हुशार मुलगी गाडी काढून गडावर जातात, मागे काळ्या एसयूव्हीतले गुंड, प्रत्येक गडावर एक श्लोक, प्रत्येक श्लोकात पुढच्या गडाचं नाव, आणि शेवटी गुहा, सापळा, हिरे-माणकं. तीन पानांची प्रकरणं आणि प्रत्येकाच्या शेवटी 'आणि समोरचं दृश्य पाहून तो जागीच थिजला'. एकदा थिजला चालेल हो, पण पुस्तकभर थिजतोच आहे! माझी तक्रार वेगाबद्दल नाही, वेग मला हवाच. माझी तक्रार ही आहे की या कादंबऱ्यांमधून इतिहास काढून टाकला तरी काहीही बिघडत नाही. गडाचं नाव बदला, राजाचं नाव बदला, गोष्ट तशीच चालते.

मोडी लिपीचंच घ्या. प्रत्येक पुस्तकात नायकाला मोडी कागद सापडतो आणि तो टॉर्चच्या उजेडात, मागून गोळ्या सुटत असताना, घडाघडा वाचतो. मी मोडीचा वर्ग केलाय त्यामुळे हे फार खुपतं. मोडीत शिरोरेघ आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला लटकवत जातात, बोरू शक्यतो उचलायचा नाही, शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. म्हणजे एक ओळ समोर आली की पहिलं काम काय तर कुठला शब्द कुठं संपतो हे ठरवणं, आणि त्यासाठी लिहिणाऱ्याचा हात ओळखीचा व्हावा लागतो, तो 'र' कसा काढतो, 'स' कुठं वळवतो. चांगले जाणकार एका ओळीवर अर्धा तास घालवताना मी बघितलेत आणि तरी दोघांचं वाचन वेगळं येतं. आता सांगा, दोन जाणकार एकच ओळ दोन तऱ्हेने वाचतायत आणि त्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून आहे, याहून मोठा सस्पेन्स काय असतो? तो फुकट पडलाय आणि आमचे लेखक तो उचलत नाहीत.

तारखांचं तसंच. पेशवाईतल्या कागदावर इसवी सन नसतो, सुहूर सन नावाची वेगळी कालगणना असते, तीही अरबी आकड्यांच्या शब्दांत. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, ११७४. आणि हे वर्ष चैत्रात बदलत नाही, मृगाला बदलतं. म्हणजे मृगाच्या अलीकडचा कागद आणि पलीकडचा कागद यात हिशोब चुकला तर सबंध वर्षाचा फरक पडतो, माणूस मेलेला असताना त्याची सही दिसते किंवा जिवंत असताना वारस भांडताना दिसतात. अहो ही तर ॲलिबाय, म्हणजे 'मी तेव्हा तिथं नव्हतोच' हा आरोपीचा दावा, मोडायची रेडीमेड युक्ती आहे! असली एक कादंबरी कुणी लिहिली तर मी दहा प्रती घेऊन वाटेन.

काहीजण म्हणतात की इतिहासात शेवट सगळ्यांना माहीत असतो मग सस्पेन्स कुठून आणणार, म्हणून खजिना लागतो. मला हे अजिबात मान्य नाही. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं हे शाळेतल्या पोराला माहीत असतं, तरी विश्वास पाटलांचं 'पानिपत' वाचताना छातीत धडधडतंच की. कारण प्रश्न काय होणार हा नसतो, कुणाला काय कधी कळणार हा असतो. अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आपल्या आणि दिल्लीच्या मधे येऊन बसला, मागची वाट तुटली, रसद तुटली आणि बातमीही तुटली. नानासाहेब पेशवे फौज घेऊन माळव्यापर्यंत पोचले होते आणि लढाई संपून गेली तरी त्यांना पत्ता नाही. मग वाटेत एका सावकाराचं पत्र हाती लागतं: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. व्यापारी पत्रासारखं दिसणारं ते पत्र आणि दोन मोती म्हणजे आपला चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ आणि आपला मुलगा विश्वासराव. ही इतिहासातली सांकेतिक भाषा आहे, खरी, आणि ती गुहेचा दरवाजा उघडायला नव्हती.

आणि तपासकथाच हवी असेल तर नारायणरावांचा खून आहे ना. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, भर दुपारी शनिवारवाड्यात गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, घुसतात, थकलेल्या पगाराचं निमित्त, अठरा वर्षांचा पेशवा धावत जाऊन काका राघोबाला मिठी मारतो, सेवक चापाजी टिळेकर त्याच्या अंगावर आडवा पडतो आणि दोघेही मारले जातात. आपल्याकडं यावर जे काही लिहिलं गेलं त्यातलं बहुतेक 'ध'चा 'मा' आणि आनंदीबाईंवर येऊन थांबतं. अरे पण खरी गोष्ट तिथून सुरू होते! न्यायाधीश रामशास्त्री चौकशी करतायत, आणि ज्याच्याकडं संशयाची सुई वळते तो राघोबा स्वतः गादीवर बसलाय. म्हणजे तपास करणारा ज्याचा चाकर, तोच आरोपी. साक्ष कोण देणार? सुमेरसिंग गारदी काय बोलणार आणि काय गिळणार? कागद कुणी बदलला, कुणाच्या घरी बसून बदलला, पैसा कुठून आला? आणि त्याच वेळी नारायणरावांची बायको गंगाबाई गरोदर आहे, मुलगा झाला तर सगळा डाव फिरणार, आणि कारभारी तिला पुरंदरावर नेऊन जपतायत. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला. यात लेखकानं स्वतःचं काय घालायचंय? फक्त कागद नीट वाचायचेत आणि माणसं उभी करायचीत. शास्त्रीबुवांनी राघोबाला देहांत प्रायश्चित्त सांगितलं ते वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण तिथपर्यंत ते कसे पोचले, रात्री कुणाला बोलावून काय विचारलं, भीती वाटली का, हे मला वाचायचंय.

आता एक गोष्ट जी मला खरंच लागते. मुंबईच्या इतिहासावरच्या अलीकडच्या दोन गाजलेल्या मर्डर मिस्टरी इंग्रजीत आहेत आणि अमेरिकेत राहणाऱ्या लेखिकांनी लिहिल्यात. सुजाता मॅसींची 'द विडोज ऑफ मलबार हिल', १९२१ ची मुंबई, परवीन मिस्त्री ही पारशी वकील, आणि पडद्यातल्या तीन विधवा ज्या परपुरुषाशी बोलणार नाहीत, म्हणून त्यांच्यापर्यंत फक्त बाई वकीलच पोचू शकते. किती साधी आणि किती पक्की चौकट! कथानक त्या काळाच्या रीतिरिवाजातून आणि कायद्यातून आलंय, वरून चिकटवलेलं नाही. नेव्ह मार्चची 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी स्त्रिया गेल्या त्या १८९१ च्या खऱ्या प्रकरणावरून सुचलेली. मला दोन्ही आवडल्या, पहिली जास्त, दुसरी मधेच मुंबई सोडून फार लांब भटकते. पण वाचताना सारखं वाटत राहिलं की यात माझं गिरगाव, माझं परळ कुठाय. गिरणीतला जॉबर म्हणजे मुकादम, खाणावळवाली बाई, चाळीतला भाडं गोळा करणारा भय्या, हे कोण लिहिणार? सप्टेंबर १८९६ ला मांडवीत डॉ. व्हिएगसनी प्लेग ओळखला, नंतर घरोघर तपासण्या सुरू झाल्या, लोक घाबरून आजारी माणूस लपवायला लागले, मयतसुद्धा लपवायला लागले. ज्या शहरात प्रत्येकजण प्रेत लपवतोय तिथं खून झालेला कुणाला कळणार? हे आपलं शहर, आपले आजोबा-पणजोबा त्यात राहिले, आणि ही कादंबरी मराठीत नाही.

अजून एक, लेखक आणि प्रकाशक दोघांनाही. पुस्तकाच्या शेवटी दोन पानं टीप द्या, काय खरं, काय तुम्ही घातलंत, कुठला कागद कुठं बघितलात. परदेशातल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांमध्ये हे सर्रास असतं. आपल्याकडं कादंबरीतला प्रसंग दोन वर्षांत व्हॉट्सॲपवर इतिहास म्हणून फिरायला लागतो आणि मग खरं सांगणाऱ्यावरच लोक धावून जातात. टीप दिल्यानं गोष्टीची मजा जात नाही, उलट मी तरी ती पानं सगळ्यात आधी उघडते. आणि प्रूफरीडिंग करा, चारशे रुपये मोजून 'महाराजांनि' वाचायची वेळ आणू नका.

जे कुणी लिहिताय त्यांच्यासाठी अजून एक विषय: भाऊसाहेबांचा तोतया. पानिपतानंतर भाऊ जिवंत आहेत असं कितीतरी लोकांना वाटत होतं, पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नव्हतं, आणि सुखनिधान नावाचा एक कनोजी माणूस मीच भाऊ म्हणून पुढे आला. कैद झाली, १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटला, कोकणातले किल्ले घेत सुटला, माणसं त्याच्यामागे गेली, शेवटी पकडून पुण्यात आणून मारला. जुन्या काळी यावर नाटक झालंय. पण मला कादंबरी हवीय ती ओळख पटवणाऱ्या माणसाची, जो भाऊंच्या सोबत वावरला होता आणि ज्याला समोर उभं करून विचारलं गेलं की सांग, हे तेच का. कुणी लिहीत असाल तर इनबॉक्सात कळवा, कच्चा खर्डासुद्धा वाचायला तयार आहे.