चार क्विंटलची खोली

कापूस विकून झालाय, सोयाबीनचं बियाणं घ्यायला अजून अवकाश आहे आणि खिशात थोडे पैसे आहेत, अशी अवस्था आमच्या पांढरकवड्याकडे वर्षातून पंधरा दिवस असते. त्या पंधरा दिवसांवर नातेवाइकांची लग्नं, बोअरची जळालेली मोटर आणि पोट्ट्यांचे हट्ट असे तिघेही टपून असतात. गेल्या वर्षी मे महिन्यात मोटर नेमकी जळली नाही, त्यामुळे पोट्टे जिंकले. त्यांना हैदराबादची रामोजी फिल्म सिटी पाहायची होती.

हैदराबाद आम्हाला मुंबईपेक्षा जवळचं. मुंबईची गाडी पकडायची तर आधी वर्धा नाहीतर धामणगाव गाठावं लागतं. इकडे ४४ नंबरचा महामार्ग गावाला खेटून जातो. पैनगंगा ओलांडली की तेलंगण, मग आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी करत सरळ खाली. जायचं कसं हे पाच मिनिटांत ठरलं. गावातल्याच एकाची तवेरा भाड्याने घ्यायची, त्यात मी, बायको, दोन पोट्टे, माय, धाकटा भाऊ गजू आणि त्याची बायको. राहायचं कुठे, यावर मात्र आठ दिवस गेले.

आता एक सांगतो. राहण्याच्या बाबतीत आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना शेगावने बिघडवून ठेवलं आहे. भक्तनिवासात जायचं, थोडक्या पैशात लखलखीत खोली मिळते, पांढऱ्या कपड्यातला सेवाधारी ‘माउली’ म्हणून बोलतो. आनंदसागर बागेतली छोटी आगगाडीही मी तिथेच राहून पाहिली. त्यामुळे खोली म्हणजे स्वच्छ असते, स्वस्त असते आणि देणारा वर आपल्यालाच नमस्कार करतो, अशी माझ्या मायची पक्की समजूत. जगातलं कुठलंही हॉटेल या मापाने मोजलं की नापास होतं.

फिल्म सिटीच्या आतच हॉटेलं आहेत. त्यांची नावंच माणसाला त्याची जागा दाखवतात. सितारा सगळ्यांत वर, मग तारा, मग शांतिनिकेतन आणि सगळ्यांत खाली सहारा. सहारा म्हणजे डॉर्मिटरी, असं कळताच बायकोने ती न पाहताच रद्द केली. “ओळीनं पलंग? म्हणजे ऑपरेशनच्या कॅम्पात निजल्यासारखं.” मग मी मधल्या हॉटेलासाठी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी खोल्या, सात माणसं, तिकिटं, नाश्ता असं सगळं मिळून आकडा सांगितला. मी तो मोठ्याने म्हटला. गजूने डोळे मिटले.

गजू पैसे मोजत नाही, कापूस मोजतो.

“हमीभाव ७,५२१ धरला तं चार क्विंटल,” तो म्हणाला. मग डोळे उघडून, “पण आपण तं व्यापाऱ्याले देल्ला न, दादा. त्याच्या भावानं साडेचार.”

एका रात्रीला साडेचार क्विंटल! मला पहाटेपासून वाकून वेचणाऱ्या बाया दिसायला लागल्या. त्यातली एक माझीच बायको होती, आणि ती माझ्याकडेच बघत होती.

शेवटी मोबाइलवर हयातनगरच्या बाजूचं एक लॉज सापडलं. खोलीला बाराशे रुपये. फोटोत पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर टॉवेलचे दोन हंस आणि खाली लिहिलेलं, ‘फिल्म सिटीपासून पाच मिनिटं’. हिशेबात मी माती खाल्ली ती इथे. आतल्या हॉटेलच्या आकड्यात सात जणांची तिकिटं आणि सकाळचं खाणं धरलेलं होतं, लॉजच्या आकड्यात नुसतं लॉज. झुली-कासऱ्यासकट बैल आणि उघडा बैल यांची किंमत शेजारी ठेवून मी उघडा बैल स्वस्त म्हणून घेऊन आलो. बाजारात असं कोणी केलं असतं तर मीच त्याला हसलो असतो.

संध्याकाळी पोचलो. काउंटरवरच्या पोराने सगळ्यांची आधार कार्डं मागितली. मायची जन्मतारीख १ जानेवारी. आमच्या गावात साठीच्या वरची सगळी माणसं एकाच दिवशी जन्मली आहेत. पोराने कार्डाकडे पाहिलं, मायकडे पाहिलं आणि म्हणाला, “हौ, मेरी नानी का भी यहीच है.”

त्या ‘हौ’वर माय फिदा झाली. आमच्याकडे ‘हाव’ म्हणतात, त्यांच्याकडे ‘हौ’. आपण ‘नको’ म्हणतो, ते ‘नक्को’. मी फोनवर आठ दिवस शुद्ध हिंदी बोलून जे साधलं नाही, ते मायने वऱ्हाडीत दोन मिनिटांत साधलं. तिला खालच्या मजल्यावरची खोली आणि एक जास्तीची बादली मिळाली.

खोलीत टॉवेलचे हंस नव्हते. टॉवेल होता एक, आणि त्याचा हंस कोणी केला असता तर तो जखमी दिसला असता. भिंतीवर एसी होता, पण त्याचा रिमोट नव्हता. रिमोट मागायला गेलो तर कळलं, बाराशे हा बिनएसी खोलीचा दर. एसी भिंतीला आहेच, पण रिमोट हवा तर वरचे चारशे. म्हणजे तो एसी म्हणजे भिंतीवर लटकवलेली खंत होती. गजू म्हणाला, “कायले पाह्यजे? बाहेर ४१च तं हाये.” खरं होतं. आम्ही ४५मधून आलो होतो. आमच्या हिशेबाने हैदराबाद म्हणजे थंड हवेचं ठिकाण. पंखा लावला आणि पडलो.

एवढ्या स्वस्तात खोली का मिळाली, ते रात्री दहाला समजलं. खिडकीला खेटून फंक्शन हॉल होता. हैदराबादेत मंगल कार्यालयाला फंक्शन हॉल म्हणतात. खरं तर हे लॉज त्या हॉलच्या पाहुण्यांसाठीच, आमच्यासारखे प्रवासी म्हणजे भरती. अकरापर्यंत डीजे वाजला. तो थांबल्यावर सुटलो असं वाटलं, पण तेलुगू लोकांचे मुहूर्त कधी रात्रीचे, कधी पहाटेचे असतात. चार वाजता सनईच्या दुप्पट लांबीचं काहीतरी आणि सोबत डोलू, म्हणजे त्यांचा ढोल, सुरू झाला. आमच्याकडे गोरज मुहूर्त, वऱ्हाडी जेवून झोपायला मोकळे. इथे उशीवर डोकं ठेवून मी एका अनोळखी मुलीच्या लग्नाला हजर राहिलो. आमच्यात झोपला फक्त ड्रायव्हर. त्याला खोली नको होती, तो तवेरात काचा वर करून झोपला. सकाळी तेवढाच ताजा होता.

सातला उठून पाहतो तर माय नाही. बाथरूम पाहिलं, गल्ली पाहिली. बायको रडवेली झाली. काउंटरवरचा पोरगा शांतपणे म्हणाला, “अम्मा शादी में गई.”

माय लुगडं नेसून, केसांत मोगऱ्याचा गजरा माळून पंगतीत बसली होती. पुढ्यात केळीचं पान, पानावर इडली, वडा, उपमा. शेजारी नवरीची आई. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी अखंड बोलत होत्या. “बापा, इथं नवरा-नवरीच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतेत,” माय मला म्हणाली, जणू मी तिला तेच विचारायला आलो होतो. आम्ही परत फिरणार तर नवरीच्या आईने हात धरून सातही जणांना बसवलं. नाही म्हणायचं तर कोणत्या भाषेत म्हणायचं?

उठेपर्यंत साडेनऊ. ‘पाच मिनिटं’ही बहुधा पहाटे साडेतीनला मोजलेली असावीत. विजयवाडा रस्त्याच्या गर्दीतून पोचायला पाऊण तास लागला, वर तिकिटाची रांग, मग दरवाज्यापासून आत न्यायला त्यांची बस. आत पाय ठेवला तेव्हा आतल्या हॉटेलातली माणसं पहिला खेळ पाहून ताक पीत बसली होती. साडेपाचला सगळं बंद. तिकीट पूर्ण दिवसाचं, आम्ही पाहिला पाऊण दिवस. उरलेल्या पाव दिवसाचे सात तिकिटांवरचे पैसे काढले तर रिमोटसकट एसी निघाला असता.

फिल्म सिटी मात्र अफाट. १९९६ साली सुरू झाली, जगातला सर्वांत मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात नोंद, १,६६६ एकर. गाइडने आकडा सांगितला तसा गजू पुढे सरकला. “कोरडवाहू का ओलीत?” गाइडला प्रश्न कळला नाही. भावांनी खातेफोड केली नाही तर जमीन किती राहू शकते, याचं गजूला दिवसभर आश्चर्य वाटत राहिलं.

तिथे एक रेल्वे स्टेशन आहे, जिथून गाडी सुटत नाही. विमानतळ आहे, जिथून विमान उडत नाही. पुढून राजवाडा, मागे गेलं की बांबू आणि प्लायवूड. पोट्टे हरखले. बायको मात्र एका वाड्याच्या दर्शनी भागासमोर उभी राहून म्हणाली, “अहो, आपल्या लॉजवाल्यानं फोटो इथंच काढला असन.” मी पुढच्या बसकडे चालू लागलो.

परतीला रात्री आदिलाबादच्या अलीकडे गजूने मोबाइलच्या उजेडात वही उघडली. तवेरा, डिझेल, टोल, लॉज, तिकिटं, दोन आइस्क्रीम.

“नाश्ता, शून्य,” तो खुशीत म्हणाला.

“शून्य कसा?” मागून माय. “एकशे एक लिही. आहेर देल्ला म्या.”

गजूने लिहिलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. पैनगंगेचा पूल आला, मोबाइलला महाराष्ट्राची रेंज आली.

“तिच्या धाकटीचं लगन माघात हाये,” माय म्हणाली. “माहा नंबर घेतला तिनं. साऱ्याइले बलावलं.”

“राहाचं कुठं मंग?” गजूने विचारलं.

“तिथंच. साऱ्या खोल्या तेच घेते म्हणे पाहुण्यासाठी.” ती थोडी थांबली. “रिमोट मागून ठेवला म्या.”